ई-कॅडहेरिन निगेटिव्ह : पेशींचे चिकटणे सुटल्याने कर्करोग पसरतो, की चिकटून राहिल्याने?

मैत्रेयी_न
माझ्या आत्याच्या बायोप्सीच्या अहवालात 'इनव्हेसिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, ई-कॅडहेरिन निगेटिव्ह' असे लिहिले आहे, म्हणजे स्तनातील दूधग्रंथींच्या खंडिकांचा (लोब्यूल), आजूबाजूला घुसणारा कर्करोग. उपचारांविषयी डॉक्टरांनी सविस्तर समजावून सांगितले. तेव्हा येथे सल्ला मागायचा नाही. मला केवळ त्या एका ओळीचा अर्थ समजून घ्यायचा आहे.

थोडे वाचल्यावर कळले ते असे, की ई-कॅडहेरिन हे शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे प्रथिन असते. ते नाहीसे झाले की पेशी सुट्या होतात आणि कर्करोग पसरतो. येथवर सगळे सरळ वाटले. पण पुढे इंटेग्रिन नावाच्या ग्राहींविषयी (पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांविषयी) वाचले, तर तेही पेशी चिकटवण्याचेच काम करतात आणि ते जास्त सक्रिय असले की गाठ वाढते, असे लिहिलेले. आणखी एका ठिकाणी, रक्तातून पुंजक्याने फिरणाऱ्या कर्कपेशी एकट्या पेशींपेक्षा अधिक धोकादायक असतात, असेही वाचले. मग पेशीचे चिकटणे रुग्णाच्या बाजूचे की विरोधातले? आणि ही प्रथिने इतकी वर्षे माहीत असूनही त्यांच्यावर औषध का नाही?

तर्कटराव
पेशींचेही माणसांसारखेच दिसते. शेजाऱ्याशी पटले नाही की घर सोडायचे. पण नव्या गावात खोली मिळवायची तर कोणाची तरी ओळख लागतेच.

सूक्ष्मदर्शी
तर्कटरावांनी विनोद केला असला तरी उत्तर जवळजवळ तेच आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे काचपट्टीवर जे दिसते तेथून सुरुवात करतो.

'चिकटणे' या एका शब्दात दोन वेगळी कामे मिसळली जातात. एक म्हणजे पेशीने शेजारच्या पेशीला धरणे. हे काम मुख्यतः कॅडहेरिन करतात. त्यांना कॅल्शियम लागते, आणि १९८०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनी त्यांचे नावही त्यावरूनच ठेवले. दुसरे काम म्हणजे पेशीने आपल्या बुडाखालच्या आधारपटलाला आणि भोवतीच्या तंतूंना धरणे. ते इंटेग्रिनचे. दुग्धनलिकेच्या भिंतीतील निरोगी पेशी दोन्ही कामे एकाच वेळी करत असते.

ई-कॅडहेरिनचा बाहेरचा भाग शेजारणीच्या ई-कॅडहेरिनमध्ये अडकतो, आणि आतला भाग पी१२०, बीटा आणि आल्फा कॅटेनिन या प्रथिनांमार्फत पेशीच्या अ‍ॅक्टिन तंतूंना बांधलेला असतो. लोब्युलर कर्करोगात सोळाव्या गुणसूत्रावरील सीडीएच१ या जनुकाच्या एका प्रतीत बिघाड होतो आणि दुसरी प्रत बहुधा गळून पडते. ई-कॅडहेरिन दाखवणारे विशिष्ट रंजन (रंग देणे) केले की दुग्धनलिकांपासून होणाऱ्या नेहमीच्या डक्टल कर्करोगात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड उमटते, जणू फरशीच्या सांध्यांत भरलेले सिमेंट. लोब्युलरमध्ये ती कड नसते, आणि पेशी एकामागोमाग एक अशा एकेरी रांगेत तंतूंमधून शिरलेल्या दिसतात. अशा वेळी पी१२०चे रंजनही उपयोगी पडते. त्याची किनाऱ्यावरची जागा गेलेली असल्याने ते पेशीच्या अंतर्भागात पसरलेले दिसते.

आक्रमक स्तनकर्करोगांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोब्युलर असतात, आणि त्यांतील सुमारे ९० टक्क्यांत ई-कॅडहेरिन नसते. म्हणजेच काहींमध्ये ते असते. केवळ रंजनावर निदान ठरत नाही. पेशींची मांडणी आधी पाहावी लागते.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करतो. 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून आत्यांनी घाबरू नये. लोब्युलर कर्करोगाच्या पेशी बहुधा सावकाश विभागतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेनचे ग्राही बहुतेक वेळा असतात आणि हर२ हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन बहुतेक वेळा जास्त प्रमाणात नसते. चिकटणे सुटले म्हणून आजार आपोआप उग्र ठरत नाही.

शुभदा_क
'एकेरी रांग' हे वाचून चार वर्षांपूर्वीचे एक कोडे आज सुटले. मलाही लोब्युलरच होता. हाताला गाठ अशी कधी लागलीच नाही. एका बाजूची त्वचेखालची जागा थोडी जाड वाटत होती इतकेच. मॅमोग्राफीत काही नाही असे सांगून मला परत पाठवण्यात आले, आणि पाच महिन्यांनी एमआरआयमध्ये तो बराच पसरलेला आढळला. त्या केंद्रावर माझा राग होता आणि थोडा अजूनही आहे, कारण जाडसरपणाची माझी तक्रार कोणी लिहूनही घेतली नव्हती. पण पेशी जर गोळा न होता रांगेने घुसत असतील, तर चित्रात गोळा दिसणार कोठून, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

सूक्ष्मदर्शी
शुभदाताई, आपली तक्रार रास्त आहे. मॅमोग्राफीत लोब्युलर कर्करोग निसटण्याचे प्रमाण डक्टलपेक्षा जास्त असते, आणि त्याचे एक मोठे कारण हीच मांडणी आहे. हाताला लागणारा बदल चित्रात दिसला नाही, तर तपास तेथे थांबवायचा नसतो.

त्याच्या प्रसाराचा नकाशाही थोडा निराळा असतो. हाडे आणि यकृत दोन्ही प्रकारांत असतात. परंतु उदरपोकळीचे आवरण, अंडाशय आणि जठर येथे जाण्याची प्रवृत्ती लोब्युलरमध्ये अधिक दिसते, तर फुफ्फुसात तो तुलनेने कमी जातो.

अनवट
दुसऱ्या प्रकारच्या चिकटण्याबद्दल मी लिहितो. इंटेग्रिनवर काम करण्यात माझी काही वर्षे गेली आहेत.

मानवी शरीरात इंटेग्रिनचे १८ आल्फा आणि ८ बीटा घटक असतात, आणि त्यांच्या जोड्या जमून २४ प्रकारचे ग्राही तयार होतात. कोणता ग्राही कशाला धरणार हे जोडीवर ठरते. काही कोलॅजेनला धरतात, काही लॅमिनिनला, काही फायब्रोनेक्टिनला. धागाकर्त्यांचा गोंधळ होतो त्याचे मूळ 'चिकटवणारा म्हणजे गोंद' या समजुतीत आहे. इंटेग्रिन धरतो आणि त्याच वेळी 'येथे पायाखाली जमीन आहे' असा निरोप आत पाठवतो. फॅक आणि सार्क ही एन्झाइमे तो निरोप पुढे नेतात, आणि पेशीला जगण्याची, विभागण्याची, सरकण्याची मुभा मिळते. हा निरोप थांबला तर निरोगी पेशी स्वतःला संपवते. १९९४ मध्ये या मृत्यूला 'अनॉइकिस' असे नाव मिळाले. ते ग्रीकवरून घेतले असून त्याचा अर्थ बेघर होणे असा आहे. कर्कपेशी रक्तात तरंगत असताना तिच्या पायाखाली काहीच नसते. तरीही ती मरत नसेल, तर तिने हा निरोप खोटा तयार करायची सोय केलेली असते.

स्तनाच्या बाबतीत याचा सर्वांत बोलका पुरावा १९९७ मध्ये मीना बिसेल यांच्या प्रयोगशाळेतून आला. आधारपटलासारख्या जेलमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कर्कपेशी वेडेवाकडे गोळे करत होत्या. बीटा-१ इंटेग्रिनला अडवणारे प्रतिपिंड दिल्यावर त्याच पेशी शिस्तीने गोल, पोकळीभोवती रचलेल्या आकारात बसू लागल्या. जनुकांतील बिघाड जसाच्या तसा होता. केवळ बाहेरून येणारा निरोप बदलला होता. पुढे २००४ मध्ये, स्तनात गाठी होतील अशी योजना केलेल्या उंदरांतून स्तनपेशींतील बीटा-१चे जनुक काढून टाकले, तेव्हा गाठींची सुरुवातच अडली. आणखी एक जोडी म्हणजे आल्फा-६ बीटा-४. ती निरोगी पेशीला आधारपटलाशी खिळवून ठेवते. पण हर२ जास्त असलेल्या पेशीत तीच हर२शी हातमिळवणी करून वाढीचा संदेश मोठा करते.

तर्कटराव
अनवट यांचे लिखाण आवडले, पण एक शंका आहे. जेलमध्ये शहाणी झालेली पेशी शरीरातही शहाणी होईल, हे कशावरून? प्रयोगशाळेत बरे झालेले उंदीर मोजायला बसलो तर कर्करोग केव्हाच संपायला हवा होता.

लोहार
मी डॉक्टर नाही, पदार्थविज्ञानाचा माणूस आहे. परंतु या विषयाचा एक कोपरा माझ्या ओळखीचा आहे. स्तनातील गाठ हाताला लागते ती ती कडक असते म्हणून. निरोगी स्तनऊती अतिशय मऊ असते आणि गाठीभोवतीची ऊती तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी ताठ असते. हा ताठपणा आजाराची खूण आहे एवढेच आपण समजत आलो. व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की जेलचा ताठपणा वाढवला की इंटेग्रिन एका जागी दाटीने जमतात, पेशी आतून अधिक जोराने ओढू लागते आणि तिची शिस्तबद्ध रचना मोडते. ओढीमुळे भोवतीचे कोलॅजेनचे तंतू एका दिशेने ताणले जातात, ऊती आणखी ताठ होते, आणि पेशी आणखी जोराने ओढते. आमच्या भाषेत याला स्वतःलाच खतपाणी घालणारे चक्र म्हणतात.

आकडेमोड
ताठपणा आणि कर्करोग एकत्र आढळतात, हे मान्य. पण एकामुळे दुसरे घडते, हे शरीरात कोणी दाखवले आहे काय? ताठपणा नुसता सोबती असू शकतो.

अनवट
योग्य हरकत आहे. कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी टाचणारे लायसिल ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम असते. २००९ मध्ये उंदरांमध्ये ते रोखून पाहिले गेले. तंतूंची टाचणी कमी झाली, ऊती तितकी ताठ राहिली नाही, इंटेग्रिनमार्फत जाणारे संदेश मंदावले आणि गाठी उशिरा आल्या. तर्कटराव, हेही उंदीरच आहेत, हे मी स्वतःहूनच लिहून ठेवतो.

जुनीपाने
थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. कर्करोग कोणत्या अवयवात जाणार हे योगायोगाने ठरत नाही, असे १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी लिहिले. स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. यकृतात दुय्यम गाठी पुष्कळ आणि तेवढेच रक्त मिळणाऱ्या प्लीहेत फार थोड्या, यावरून त्यांनी बी आणि जमीन यांची उपमा दिली. १९२०च्या दशकात जेम्स यूइंग यांनी ते अमान्य केले. रक्तप्रवाह जेथे नेईल आणि पेशी जेथे अडकेल तेथे गाठ, असे त्यांचे म्हणणे होते.

जमिनीला बी ओळखते कसे, याचे एक उत्तर इंटेग्रिनमध्ये सापडले. २०१५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवले, की कर्कपेशी स्वतः पोहोचण्याआधी एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिका पाठवतात. त्या पुटिकांवर आल्फा-६ बीटा-४ किंवा आल्फा-६ बीटा-१ असेल तर त्या फुफ्फुसात मुरतात आणि आल्फा-व्ही बीटा-५ असेल तर यकृतात, आणि तेथली जमीन पुढच्या पाहुण्यांसाठी तयार करून ठेवतात.

तर्कटराव
म्हणजे सामान आधी पाठवून मग माणसे येतात. बदली झालेल्या अधिकाऱ्याची रीत.

मैत्रेयी_न
सर्वांचे आभार. इंटेग्रिन हा निरोप्या आहे हे कळल्यावर निम्मा गोंधळ संपला. परंतु पुंजक्यांचा प्रश्न राहिलाच. पेशी सुटल्याशिवाय पसरत नसतील, तर पुंजके अधिक धोकादायक कसे?

सूक्ष्मदर्शी
या प्रश्नावरून आमच्या विषयातही बरीच वर्षे वाद चालला आहे. एपिथेलियल (अवयवांचे अस्तर बनवणारी) पेशी आपले कॅडहेरिन टाकून देते, तंतुपेशीसारखी लांबट व चंचल होते आणि निघून जाते, असे चित्र पुस्तकांत असे आणि मीही तेच शिकलो. पण डक्टल कर्करोगाच्या लसीकाग्रंथीतील किंवा यकृतातील दुय्यम गाठीचे रंजन करतो तेव्हा तपकिरी कड बहुधा शाबूत दिसते. हे चित्र आणि ती काचपट्टी यांचा मेळ मला कधी लागला नव्हता.

२०१४ मध्ये अमेरिकेतील एका गटाने उंदरांमध्ये मोजले, की रक्तातील कर्कपेशींच्या पुंजक्याची नवी गाठ रुजवण्याची क्षमता सुट्या पेशीच्या २३ ते ५० पट असते, आणि पुंजका बांधून ठेवण्यात प्लाकोग्लोबिन हे जोडणीतील प्रथिन महत्त्वाचे असते. त्यानंतर २०१९ मध्ये अँड्र्यू इवाल्ड यांच्या गटाने डक्टल कर्करोगाच्या अनेक प्रायोगिक प्रतिरूपांत ई-कॅडहेरिन काढून टाकले. पेशी आजूबाजूला अधिक घुसल्या, येथवर पुस्तक बरोबर होते. मात्र दूरच्या अवयवांतील गाठी वाढल्या नाहीत, उलट पुष्कळ घटल्या. ई-कॅडहेरिन नसलेल्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण वाढत होता आणि त्या प्रवासात व रुजताना मरत होत्या. शेजारणीचा हात सुटल्यावर बाहेर पडणे सोपे झाले, पण जिवंत राहणे अवघड झाले.

आकडेमोड
'२३ ते ५० पट' हा आकडा समाजमाध्यमांवर फिरू लागण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवतो. तो उंदरांतील क्षमतेचा आहे. रुग्णाच्या रक्तात पुंजका आढळला तर तिचा धोका ५० पट वाढला, असे त्यातून निघत नाही. शिवाय रक्तात पुंजके सुट्या पेशींपेक्षा फारच थोडे असतात.

मैत्रेयी_न
मग तर आत्याचे कोडे आणखी अवघड झाले. ई-कॅडहेरिनशिवाय पेशी मरत असतील, तर लोब्युलर कर्करोग जगतो कसा?

अनवट
हा प्रश्न मीच विचारायला हवा होता. उंदराच्या स्तनपेशींतून केवळ ई-कॅडहेरिन काढले तर कर्करोग होत नाही, पेशी मरतात. २००६ मधील एका प्रयोगात ई-कॅडहेरिन आणि बिघडलेल्या पेशीला रोखणारे पी५३ हे प्रथिन, अशी दोन्ही एकत्र घालवली, तेव्हा लोब्युलरसारख्या गाठी झाल्या. म्हणजे हात सुटण्याच्या जोडीला मृत्यूला चकवण्याची दुसरी सोय लागते. मानवी लोब्युलर कर्करोगात पी५३चा बिघाड तुलनेने कमी आढळतो. तेथे ही सोय बहुधा पीआय३के आणि एकेटी या पेशीला जगण्याचा संदेश देणाऱ्या एन्झाइमांच्या मार्गातून होते.

त्यातच सूक्ष्मदर्शींनी सांगितलेला पी१२० येतो. किनाऱ्यावरून सुटून पेशीच्या आत आलेला पी१२० स्वस्थ बसत नाही. तो रो आणि रॉक या प्रथिनांचा मार्ग चालू करतो, आणि पायाखाली काही नसतानाही पेशी तग धरते. डक्टल पेशीचा हात प्रयोगशाळेत अचानक सोडवला जातो. लोब्युलर पेशीने मात्र तो आक्रमक होण्याच्या कितीतरी आधी सोडलेला असतो, कारण खंडिकेतच थांबलेल्या प्राथमिक अवस्थेतही ई-कॅडहेरिन गेलेले दिसते, आणि एकटे जगण्याचा सराव तिला पुष्कळ मिळालेला असतो. सराव हा शब्द अर्थात सोयीचा आहे. खरे तर ज्या पेशींना जमले नाही त्या उरल्याच नाहीत.

शुभदा_क
एक व्यक्तिगत शंका. सीडीएच१चा बिघाड हा माझ्या मुलीपर्यंत जाऊ शकतो काय?

सूक्ष्मदर्शी
बहुतेक लोब्युलर कर्करोगांत हा बिघाड केवळ गाठीच्या पेशींत झालेला असतो, आणि तो पुढच्या पिढीत जात नाही. जन्मतःच सीडीएच१चा बिघाड असणारी कुटुंबे थोडी आहेत. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात तो प्रथम ओळखला गेला. त्या कुटुंबात जठराचा पसरट स्वरूपाचा कर्करोग पिढ्यानपिढ्या होत होता. अशा कुटुंबांतील स्त्रियांना लोब्युलर कर्करोगाचाही धोका बराच असतो. आपल्या नात्यात कोणाला जठराचा कर्करोग लहान वयात झाला असेल, किंवा आपल्याला दोन्ही स्तनांत लोब्युलर झाला असेल, तर जनुकीय समुपदेशकाला अवश्य भेटावे.

शुभदा_क
दोन्हींपैकी काही नाही. तरीही पुढच्या तपासणीत विचारीन.

तर्कटराव
मूळ धाग्यातील शेवटचा प्रश्न सर्वांनी सोयीस्करपणे टाळला आहे. औषध का नाही?

अनवट
टाळला नाही, दुखरी जागा असल्याने पुढे ढकलला. इंटेग्रिनवर औषधे आहेत. नटालिझुमॅब, व्हेडोलिझुमॅब, टिरोफिबान ही नावे मज्जासंस्थेच्या, आतड्याच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना नित्याची आहेत. कर्करोगात मात्र अपयश आले. सिलेंजिटाइड हे आल्फा-व्ही इंटेग्रिनना अडवणारे औषध मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचले, आणि २०१४ मध्ये त्याने आयुष्य वाढत नाही असे स्पष्ट झाले. त्याआधीच उंदरांमध्ये असे दिसले होते, की अशा औषधांची अगदी अल्प मात्रा गाठीला उलट चालना देऊ शकते. एक जोडी अडवली की दुसरी तिचे काम घेते. शिवाय कर्करोग सापडतो तोपर्यंत पेशी अनेकदा निघून गेलेल्या असतात; गाडी सुटल्यावर फलाटाचे दार लावून उपयोग काय?

कॅडहेरिनची अडचण आणखी मूलभूत आहे. जे प्रथिन उरलेलेच नाही, त्याला औषध धरणार कोठे? त्यामुळे संशोधक उलट बाजूने जातात : ते नसल्यामुळे पेशी कशावर विसंबून राहिली आहे ते शोधायचे आणि तो आधार काढायचा. २०१८ मध्ये प्रयोगशाळेत असे आढळले, की ई-कॅडहेरिन नसलेल्या स्तनकर्कपेशी आरओएस१ या संदेशवाहक एन्झाइमला रोखणाऱ्या औषधांना विशेष बळी पडतात. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो, जरी तो अजून नित्याचा उपचार नाही.

सूक्ष्मदर्शी
एक भर घालतो. चिकटण्याच्या रेणूंना न अडवता त्यांचा पत्ता म्हणून वापर करण्यात यश आले आहे. ईपीकॅम या पेशी जोडणाऱ्या रेणूचा जवळचा नातलग ट्रॉप-२ आहे. त्याला शोधून पेशीत विष पोहोचवणाऱ्या सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान या औषधाला २०२० मध्ये पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे ग्राही आणि जास्तीचे हर२ हे तिन्ही नसलेल्या) स्तनकर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या कर्करोगात नेक्टिन-४ या चिकटणाऱ्या रेणूवर असेच औषध आहे. ईपीकॅमच्या साहाय्याने रक्तातील कर्कपेशी टिपून मोजताही येतात. पसरलेल्या स्तनकर्करोगात साडेसात मिलिलिटर रक्तात ५ किंवा अधिक पेशी सापडल्या तर आजाराची वाटचाल वाईट असते, हे २००४ मध्येच दिसले होते.

लोहार
म्हणजे कुलूप मोडता आले नाही, पण दारावरची पाटी वाचून पत्र टाकता आले.

मैत्रेयी_न
आज आत्याचा अहवाल पुन्हा काढून पाहिला. दुसऱ्या पानावर, मी लक्षच न दिलेल्या ओळीत 'पी१२० : सायटोप्लाझ्मिक' असे लिहिले आहे. त्याच्या खाली इस्ट्रोजेन ग्राही पॉझिटिव्ह आणि हर२ निगेटिव्ह. आत्याला तिन्ही ओळी वाचून दाखवल्या आणि पी१२० किनारा सोडून आत आला आहे, हेही सांगितले. तिने विचारले, "मग त्याला परत किनाऱ्यावर नेणारे कोणी आहे का?"

अनवट
आत्यांना सांगा, की किनाराच उरलेला नसल्याने त्याला परत नेता येत नाही. आत येऊन तो जे चालू करतो ते बंद करता येईल काय, एवढेच आम्ही सध्या पाहत आहोत.